अंडी घालण्याच्या दिवसांत क्रॅपी कोठे असतो आणि गळाला कसा लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेला राहायला आल्यापासून तुम्ही लॅव्हन जलाशयाच्या काठावरून गळ टाकता. मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूची माणसे दुपारभरात बरेच क्रॅपी काढतात, परंतु त्याच दुकानातले तेच आमिष वापरूनही तुम्हाला एखाददुसराच मासा मिळतो. तुमच्याकडे होडी नाही. शिवाय अंड्यांवर आलेला मासा पकडणे योग्य आहे का, अशीही शंका तुम्ही विचारली आहे. दोन्ही गोष्टींचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण वसंतातील क्रॅपीची मासेमारी ही नवख्या माणसाला काठावरून उत्तम साधण्यासारखी गोष्ट आहे आणि ती न साधण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: आमिष चुकीच्या खोलीवर लटकत असते. आमिषाचा रंग, आकार, वास या गोष्टींवर माणसे फार वेळ घालवतात. या हंगामात मासा किती पाण्यात उभा आहे हे एकदा कळले की उरलेले काम सोपे होते.

प्रथम माशाविषयी आवश्यक तेवढे सांगतो. क्रॅपी हा सनफिश कुळातला, म्हणजे ब्लूगिल आणि लार्जमाउथ बास यांचा भाऊबंद. अंगाने चिलापीसारखा चपटा, चंदेरी आणि काळ्या ठिपक्यांचा. त्याच्या दोन जाती आहेत. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावरील ठिपके उभ्या पट्ट्यांत लागलेले असतात आणि पाठीच्या परात सहसा 5 किंवा 6 कठीण काटे असतात. काळ्या क्रॅपीचे ठिपके अंगभर विखुरलेले असतात आणि काटे 7 किंवा 8 असतात. शंका आली की रंगाकडे न पाहता काटे मोजावेत, कारण विणीच्या काळात दोन्ही जातींचे नर काळवंडतात आणि रंगावरून फसगत होते. पांढरा क्रॅपी गढूळ पाणी सहज सोसतो, म्हणून लॅव्हनसारख्या मातकट जलाशयात त्याचेच प्रमाण जास्त असते. काळ्याला तुलनेने निवळ पाणी आणि पाणवनस्पती मानवतात. काळा क्रॅपी किंचित थंड पाण्यातही विणीला लागतो, त्यामुळे दोन्ही जाती असलेल्या तळ्यात हंगाम थोडा लांबतो.

हा हंगाम दिनदर्शिकेवर चालत नाही, पाण्याच्या तापमानावर चालतो. फ्लोरिडात क्रॅपी हिवाळा सरता सरता अंडी घालतो, मिसिसिपी आणि अलाबामात मार्च-एप्रिलमध्ये, केंटकी आणि टेनेसीत एप्रिल-मेमध्ये, तर मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे मे-जून उजाडतो. उत्तर टेक्ससमध्ये साधारणपणे मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिल संपेपर्यंत ही धामधूम असते. पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या (10 अंश सेल्सिअस) वर जाऊ लागले की हिवाळाभर खोल पाण्यात थवे करून राहिलेला मासा जुन्या ओढ्यांच्या बुडालेल्या पात्रांच्या कडेने उथळाकडे सरकू लागतो. 55 ते 60 अंशांच्या दरम्यान तो काठाजवळच्या पहिल्या उताराशी, 8 ते 15 फुटांवर, झुडपांच्या ढिगात किंवा पुलाच्या खांबांभोवती थांबतो; या टप्प्यावर त्याला भरपूर भूक असते. नर आधी काठाला येतात. प्रत्यक्ष अंडी बहुतांशी 62 ते 68 अंशांच्या दरम्यान घातली जातात. म्हणून काही डॉलरांचा साधा तापमापक दोरीला बांधून जवळ ठेवा. सकाळी अकराच्या उन्हात काठाशी मोजलेले तापमान आणि पहाटेचे तापमान यांत चांगलाच फरक असू शकतो, हे ध्यानात घेऊन रोज एकाच वेळी, एकाच जागी मोजणे बरे.

आता काठ कोणता निवडायचा, हे पाहू. वसंताच्या सुरुवातीला तळ्याचा उत्तरेकडील काठ आणि विशेषतः वायव्य कोपऱ्यातले, आत शिरलेले उथळ फाटे आधी तापतात, कारण त्यांच्यावर दक्षिणेचे ऊन दिवसभर पडते आणि उत्तरेकडून येणाऱ्या गार वाऱ्यापासून त्यांना आडोसा असतो. दक्षिणेचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला तर वरचे कोमट पाणी त्याच काठाला ढकलले जाते. मुख्य तळ्याच्या पाण्यापेक्षा अशा फाट्यात काही अंश जास्त तापमान मिळणे नेहमीचे आहे आणि सगळे तळे थंड असताना तेवढ्या कोपऱ्यात मासा आलेला असतो. मात्र सगळेच उथळ कोपरे उपयोगाचे नसतात. क्रॅपीची अंडी चिकट असतात. ती मुळांना, काड्यांना, पाणकणसाच्या देठांना, खड्यांना चिकटतात. नर शेपटीने आणि परांनी गाळ झाडून टणक चिकणमातीवर किंवा बारीक खडीवर बशीसारखा उथळ खळगा करतो आणि असे खळगे एकमेकांजवळ, वस्तीसारखे असतात. पाय घोट्यापर्यंत रुतेल असा मऊ चिखल असेल तर ती जागा सोडा. खाली टणक तळ, वर काहीतरी उभे, म्हणजे बुडालेली विलोची झुडपे, बटनबुश, जुना खुंट, डॉकचे खांब, आणि जवळच खोल पाण्याकडे जाणारा उतार: हे तीन गुण एकत्र असतील तेथे थांबा.

आणि खोली? येथेच बहुतेकांचे गणित चुकते, म्हणून या भागावर मी अधिक थांबतो. मासा अंडी किती खोल घालतो हे मुख्यतः पाण्याच्या स्वच्छतेवर ठरते. गढूळ पाण्यात ऊन खोलवर पोहोचत नाही, म्हणून घरटी फूट-दीड फूट पाण्यातही असतात. निवळ पाण्यात तीच 6 ते 8 फुटांवर, कधी त्याहूनही खाली जातात. याची चाचणी अगदी सोपी आहे. पांढऱ्या रंगाचे जिग (शिशाचे छोटे डोके असलेल्या गळाला पिसे किंवा मऊ प्लास्टिक लावलेले कृत्रिम आमिष) सावलीत, काठीच्या शेंड्यावरून सरळ पाण्यात सोडा आणि ते दिसेनासे होते ती खोली दोरीवर चिमटीत धरून मोजा. माझ्या अनुभवात घरटी त्या खोलीच्या सुमारे दुपटीपर्यंत सापडतात. लॅव्हनमध्ये जिग 10-12 इंचांवर दिसेनासे झाले तर माझा पहिला प्रयत्न 1 ते 2 फूट पाण्यात असतो. पूर्वेकडच्या लेक फोर्कमध्ये, जेथे पाणी बरेच निवळ असते आणि बुडालेली झाडे अजून उभी आहेत, तेच जिग 3 फुटांवर अदृश्य झाले तर मी 5-6 फुटांपासून सुरुवात करतो. तुम्ही कळवले आहे की तुमचा बॉबर (दोरीवरचा तरंगता गोळा) नेहमी आमिषाच्या 4 फूट वर लावलेला असतो. दोन फूट पाण्यात चार फुटांची दोरी म्हणजे जिग तळाच्या चिखलात आडवे पडलेले असते आणि मासा त्याच्या वरून निघून जातो.

क्रॅपीचे डोळे डोक्यात वरच्या बाजूला असतात आणि तोंडही वरच्या दिशेने उघडते. तो आपल्या वर दिसणारे आमिष उठून घेतो, खाली वाकून सहसा घेत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा आमिष थोडे उंच ठेवावे. दोन फूट पाण्यात मी जिग 12 ते 15 इंचांवर लटकवतो. दर दहा मिनिटांनी बॉबर चार-सहा इंच सरकवून पाहणे हे आमिषाचे रंग बदलण्यापेक्षा कितीतरी फलदायी ठरते.

काठावरून करण्यासारखी पहिली पद्धत म्हणजे बॉबरखाली जिग. सहा-साडेसहा फुटांची हलकी, लवचिक काठी, लहान स्पिनिंग रील, 4 ते 6 पौंडांची दोरी, लहानसा बॉबर आणि त्याखाली एक बत्तिसांश किंवा एक सोळांश औंसाचे जिग एवढे पुरते. झुडपे दाट असतील तर 6 पौंडांची दोरी घ्या. पिसांचे किंवा मऊ प्लास्टिकच्या नळीचे दीड ते दोन इंची जिग दोन्ही चालतात. मातकट पाण्यात पोपटी-काळा, निवळ पाण्यात पांढरा किंवा चंदेरी एवढे दोन रंग ठेवून सुरुवात करा. बॉबर झुडपाच्या पलीकडे टाका, सावकाश ओढून झुडपाच्या कडेला आणा आणि थांबवा. थांबवणे महत्त्वाचे आहे. वाऱ्याने पाण्यावर जेवढ्या लहरी उठतात तेवढीच हालचाल जिगच्या पिसांना पुरेशी असते. हाताने सारखे झटके दिले तर मासा बिचकतो.

येथे एक बारकावा सांगतो, जो पाहताना क्षुल्लक वाटतो. जिग पाण्यात आडवे, जमिनीला समांतर लटकले पाहिजे, कारण पोहणारा छोटा मासा तसाच दिसतो. दोरीची गाठ जिगच्या कडीच्या पुढच्या टोकाला सरकली की जिग नाक वर करून उभे लटकते. गाठ घट्ट आवळा, नखाने कडीच्या माथ्यावर आणा आणि पाण्यात सोडण्यापूर्वी डोळ्यांसमोर धरून ते सपाट लटकते का हे पाहा. प्रत्येक मासा काढल्यावर, झुडपातून गळ सोडवल्यावर, कधी नुसत्या चार-पाच फेकींनंतरही ती गाठ पुढे सरकलेली असते. शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी माणसाचा हात सारखा जिगकडे जात असतो तो याच कारणाने.

मासा लागल्याची खूण ओळखणे ही दुसरी अडचण. आपल्याला बॉबर बुडण्याची सवय असते. क्रॅपी मात्र खालून वर येऊन आमिष घेतो आणि पुष्कळदा ते तोंडात धरून वरच उचलतो. त्यामुळे जिगचे वजन दोरीवरून सुटते आणि आतापर्यंत उभा असलेला बॉबर एकदम पाण्यावर आडवा पडतो. नवखा माणूस दोरी गुंतली असे समजून वाट पाहतो आणि तेवढ्यात मासा जिग थुंकून मोकळा होतो. बॉबर आडवा पडला, किंचित वर उसळला किंवा वाऱ्याच्या उलट दिशेला चालू लागला की काठी उचला. उचला म्हणजे मनगटाने वर घ्या. हिसका देऊ नका. क्रॅपीच्या जबड्याभोवतीचा पडदा कागदासारखा पातळ असतो आणि जोराच्या हिसक्याने तो फाटून गळाचे छिद्र मोठे होते. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी सुटू देणारा अटकाव, सैल ठेवा, दोरी एकसारखी ताणलेली राहू द्या आणि चांगला मासा असेल तर काठावर उचलून घेण्याऐवजी लहान जाळीत घ्या.

दुसरी पद्धत लांब काठीची आहे आणि दाट झुडपांत तिला तोड नाही. दहा ते बारा फुटांची काठी, शेंड्याखाली काठीच्या लांबीपेक्षा थोडी कमी दोरी, बॉबर नसला तरी चालते. झुडपाच्या फांद्यांमधील वीतभर मोकळ्या जागेत जिग सरळ खाली सोडायचे, ठरवलेल्या खोलीवर आणून पाच-दहा सेकंद स्थिर धरायचे आणि काही झाले नाही तर सरळ वर उचलून पुढच्या फटीत सोडायचे. फेकणे नाही, ओढणे नाही. झुडपाच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून मग आत शिरावे, म्हणजे कडेचा मासा काढताना आतला बिथरत नाही. मिसिसिपीतल्या ग्रेनाडा, सार्डिस, एनिड या जलाशयांवर वसंतात पाणी चढून काठची झुडपे बुडली की माणसे छातीपर्यंतचे रबरी वेडर घालून पाण्यात उभी राहतात आणि याच पद्धतीने मासेमारी करतात. पांढऱ्या क्रॅपीचा 5 पौंड 3 औंसांचा विश्वविक्रम 1957 मध्ये एनिडमध्येच नोंदला गेला. लॅव्हनच्या उथळ फाट्यांतही हे जमते. परंतु वेडर घातलेत तर कमरेला पट्टा बांधा, अंगावर जीवरक्षक जाकीट ठेवा, पाय उचलून टाकण्याऐवजी घासत पुढे सरका आणि हात घालण्यापूर्वी प्रत्येक फांदी नीट पाहा, कारण या राज्यात कॉटनमाउथ नावाचा विषारी पाणसाप अशाच जागी असतो.

जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) घ्यावा की जिग, हा वाद येथे प्रत्येक आमिषाच्या दुकानात ऐकू येतो. माझे मत स्पष्ट आहे: माशाची मनःस्थिती पाहून ठरवावे. घरट्यावर बसलेला नर भुकेने नव्हे तर राखणीच्या वृत्तीने तोंड मारतो. त्याच्या डोक्यावर आलेली कोणतीही लहान वस्तू तो हाकलतो. त्याच्यासाठी जिग पुरे आणि वेळही वाचतो. पाणी अचानक थंड झाले, मासा सुस्तावला किंवा अंडी घालून थकलेली मादी खोलवर गेली की जिवंत मिनोच कामाला येतो. त्यासाठी 4 क्रमांकाचा, पातळ तारेचा ॲबरडीन गळ वापरा. तो फांदीत अडकला तर सावकाश ओढल्यावर सरळ होऊन सुटतो, बोटांनी पुन्हा वाकवता येतो आणि दोरी तुटून झुडपात आवाज होत नाही. दीड-दोन इंचांचा मिनो ओठांतून टोचा, त्याच्या वीतभर वर एकच लहान शिसे चिमटा आणि सरकता बॉबर लावा, म्हणजे खोल पाण्यातही फेकणे अवघड जात नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य होते की तुम्हाला मिळालेले थोडके मासे सगळे काळपट होते. हे महत्त्वाचे आहे. काळपट मासे म्हणजे नर, म्हणजेच तुम्ही घरट्यांच्या वस्तीवर पोहोचला होता. मादी काठाला फार वेळ थांबत नाही. ती अंडी पक्व होईपर्यंत जवळच्या उतारावर, साधारणपणे घरट्यांपेक्षा काही फूट खोल पाण्यात, तळापासून वर तरंगत राहते. काठाला येऊन, बहुधा एकाहून अधिक घरट्यांत अंडी घालून परत जाते. त्यामुळे एकापाठोपाठ एक काळे नर लागू लागले की तोंड फिरवा: काठाकडे पाठ करून खोल पाण्याकडे एक सोळांश औंसाचे जिग टाका, बॉबर न लावता ते मनातल्या मनात आकडे मोजत बुडू द्या आणि अगदी सावकाश, रील जेमतेम फिरेल एवढ्या वेगाने ओढा. पातळ दोरीवर हे जिग सेकंदाला साधारण एक फूट खाली जाते. चारपर्यंत मोजून काही लागले नाही तर पुढच्या फेकीला सहापर्यंत मोजा. ज्या आकड्यावर पहिली चंदेरी, पोटाने भरलेली मादी लागेल, तो आकडा त्या दिवसापुरता धरून ठेवा. बहुतेक जण काठालाच चिकटून राहतात आणि वजनदार मासा त्यांच्या फेकीच्या पलीकडे उभा असतो.

टेक्ससमध्ये वसंत सरळ येत नाही, हे तुम्ही एव्हाना अनुभवले असेल. उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट येते आणि रात्रीत पारा कोसळतो. अशा वेळी मासा खोल तळ गाठतो असा समज आहे, पण तो सहसा फार लांब जात नाही. काही मासे त्याच उताराच्या जवळच्या खोल कडेवर जातात, काही झुडपाच्या सर्वांत दाट भागात घुसून बसतात. निरभ्र आकाश आणि गार वारा असलेल्या दुसऱ्या दिवशी मी सकाळ सोडून देतो, दुपारी दोननंतर जातो, एक बत्तिसांश औंसाचे जिग किंवा मिनो लावतो, दोन-तीन फूट अधिक खोल जातो आणि प्रत्येक जागी नेहमीच्या दुप्पट वेळ थांबतो. वादळी पावसानंतरची गोष्ट निराळी. ओढ्यांतून लाल पाणी येऊन तळे चढू लागले की मासा नव्याने बुडालेल्या झुडपांत पुढे सरकतो, गढूळपणामुळे आणखी उथळ येतो आणि आडोशाला अगदी खेटून राहतो. तेव्हा काळ्या रंगाचे, जरा जाड अंगाचे जिग फांदीला घासून सोडावे. उलट, धरणातून पाणी सोडल्याने पातळी उतरू लागली की तो चटकन मागे हटतो आणि कालची उत्तम जागा आज रिकामी मिळते. निघण्यापूर्वी जलाशयाची पातळी पाहण्याची सवय लावा. लॅव्हनचे धरण सांभाळणारे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स ती रोज जाहीर करते. पौर्णिमेला मासा जास्त येतो असे पुष्कळ जुने मासेमार सांगतात. मी पौर्णिमा टाळत नाही, परंतु पाणी 54 अंशांवर असेल तर नुसत्या चंद्राच्या भरवशावर जाऊ नये, असे माझे मत आहे.

सगळे मासे एकाच आठवड्यात अंडी घालत नाहीत. आधी वरच्या टोकाचे उथळ फाटे, मग मधले, शेवटी धरणाजवळचे खोल आणि थंड पाण्याचे काठ, अशा लाटा येतात आणि एका मोठ्या जलाशयात हे सारे कित्येक आठवडे चालते. म्हणून एक जागा थांबली की हंगाम संपला असे न समजता धरणाच्या दिशेने खाली सरकावे. पाणी 72-73 अंशांच्या वर गेले की नरही काठ सोडतात आणि मग पुलाचे खांब, डॉकची सावली आणि 10 ते 15 फुटांवरील झुडपांचे ढीग पाहावेत. होडीवाले आता पुढचे दृश्य थेट पडद्यावर दाखवणारे सोनार वापरून हे मासे शोधतात. काठावरून मासेमारी करणाऱ्याला त्याची गरज नाही. विणीच्या दिवसांत मासा आपण होऊन आपल्या पायाशी आलेला असतो.

आता तुमच्या शंकेकडे येतो, आणि ती शंका आली याचा मला आनंद आहे. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून वर चढणाऱ्या, अंड्यांनी भरलेल्या माशांची, म्हणजे चढणीच्या किंवा कोकणात वलगणीच्या माशांची, अरुंद जागी जाळी लावून सरसकट पकड होते आणि तिचे परिणाम गावोगावचे लोक सांगतात. समुद्रात म्हणूनच 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मग येथे विणीच्या काळातच क्रॅपी पकडायला परवानगी कशी? कारण परिस्थिती वेगळी आहे. क्रॅपीची एक मादी हजारोंनी, मोठी असेल तर लाखाच्या घरात अंडी घालते. पिल्ले जगतात किती हे प्रामुख्याने वसंतातील पाण्याची पातळी, तापमान आणि अन्न यांवर ठरते. पाणी चढे आणि स्थिर राहिले तर एखाद्या वर्षी भरघोस पीक येते, उतरले तर फारसे काही येत नाही, मग गळ टाकणारे कमी असोत वा जास्त. लहान तळ्यांत तर क्रॅपी इतका माजतो की अन्न पुरत नाही आणि सगळेच मासे वीतभर लांबीचे खुरटे राहतात; तेथे ते काढणे तळ्याच्या हिताचे असते. शिवाय एका गळाने एक मासा काढणे आणि अख्खी वाट जाळ्याने अडवणे यांत मूलभूत अंतर आहे.

तरीही नर हटला की अंडी उघडी पडतात आणि ब्लूगिल ती काही मिनिटांत खातात, हेही खरे आहे. अंडी साधारण दोन ते पाच दिवसांत फुटतात आणि त्यानंतरही काही दिवस नर पिल्लांपाशी थांबतो. म्हणून मी एका वस्तीवरून काही मासे घेतले की जागा बदलतो, एकच काठ पूर्ण रिकामा करत नाही. खाण्यासाठी 10 ते 12 इंचांचे मासे ठेवतो आणि त्याहून मोठी, पोटुशी मादी ओल्या हाताने धरून पाण्यातच गळ काढून सोडतो. हा माझा नियम आहे, सरकारचा नाही; तुम्ही तो पाळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, सक्ती नाही.

सरकारचे नियम मात्र काटेकोर पाळायचे. टेक्ससमध्ये क्रॅपीची किमान लांबी 10 इंच आहे आणि एका माणसाला दिवसाला 25 मासे ठेवता येतात, त्यात दोन्ही जाती एकत्र मोजल्या जातात. काही जलाशयांवर वेगळे नियम लागू आहेत, तेव्हा जाण्यापूर्वी टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाची चालू वर्षाची पुस्तिका पाहावी. लांबी मोजताना माशाचे तोंड मिटवून आणि शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जवळ आणून मोजतात. 17 किंवा अधिक वर्षांच्या व्यक्तीला परवाना लागतो. राज्य उद्यानांच्या हद्दीत काठावरून मासेमारी करताना तो लागत नाही, त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना किंवा आई-वडिलांना घेऊन जायचे असेल तर ते सोयीचे पडते. होडी असो वा नसो, एका जलाशयाचे पाणी बादलीतून दुसऱ्या जलाशयावर नेऊ नका. झेब्रा शिंपल्यांची न दिसणारी पिल्ले अशा पाण्यातूनच पसरतात. उरलेले मिनो पाण्यात सोडू नयेत, कचऱ्यात टाकावेत.

मासा ठेवायचा ठरला की तो दोरीत ओवून कोमट पाण्यात तास-दोन तास ठेवू नका; एप्रिलच्या उन्हात त्याचे मांस लगेच मऊ पडते. शीतपेटीत बर्फ घेऊन जा आणि मासा लगेच त्यात घाला. क्रॅपीचे मांस पांढरे, नाजूक आणि सौम्य चवीचे असते. बरगड्यांचे काटे काढून केलेल्या दोन पातळ तुकड्यांना हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून, रव्यात घोळवून कमी तेलात परतले की घरातल्या लहान मुलांनाही काट्याची भीती राहत नाही. तुकडे पातळ असल्यामुळे एका बाजूला दोन-तीन मिनिटे पुरेत. ठेवलेल्या माशात मादी निघाली तर तिची गाभोळी टाकून देऊ नका; ती वेगळी काढून, तोच मसाला लावून, मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा.